जिवाणूतील वाक्य : जैवकला, भाषांतर आणि पाठभेद

१

विज्ञान आणि कला यांच्या परस्परसंबंधाचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने आशयाच्या अंगाने झाला आहे. मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रयुगाच्या प्रतिमा असोत किंवा जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा असोत, विज्ञान तेथे साहित्याचा विषय म्हणून, प्रतिमांचा साठा म्हणून किंवा जीवनदृष्टी म्हणून प्रवेश करते. कलाकृतीचे माध्यम मात्र भाषाच राहते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या संबंधाला वेगळे वळण मिळाले. काही कलावंतांनी जनुक, जिवाणू, संगणकाचे जाळे यांनाच माध्यम म्हणून हाती घेतले. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या एदुआर्दो कात्स याने १९९८ मध्ये आपल्या या उद्योगासाठी ‘पारजनुकीय कला’ अशी संज्ञा मांडली आणि पुढच्याच वर्षी ‘जेनेसिस’ ही कलाकृती ऑस्ट्रियातील लिंझ येथील आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवात सादर केली.

या कलाकृतीची चर्चा दृश्यकलेच्या आणि जैवनीतीच्या अभ्यासकांनी विपुल केली आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे वळण्याचे कारण वेगळे आहे. कात्सची सुरुवात कवी म्हणून झाली. १९८०च्या दशकात त्याने होलोग्राफीच्या तंत्राने कविता रचल्या. ‘जेनेसिस’च्या केंद्रस्थानीही एक वाक्य आहे आणि त्या वाक्याचे एका चिन्हव्यवस्थेतून दुसऱ्या चिन्हव्यवस्थेत होणारे स्थलांतर हीच त्या कलाकृतीतील मुख्य घटना आहे. त्यामुळे ‘येथे भाषांतर नेमके कोठे घडते?’ हा प्रश्न तिच्या मूल्यमापनात टाळता येत नाही. कॅनडाचा कवी क्रिश्चन ब्योक याचा ‘झेनोटेक्स्ट’ हा प्रकल्प तिच्याशेजारी ठेवला असता हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

२

‘जेनेसिस’ची रचना प्रथम समजून घ्यावी लागते. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथातील पहिल्या अध्यायात, अठ्ठाविसाव्या वचनात, समुद्रातील मासे, आकाशातील पक्षी आणि पृथ्वीवरील सर्व सजीव यांवर मानवाची सत्ता असावी असा आशय येतो. कात्सने या वचनावर आधारलेले इंग्रजी वाक्य घेतले, त्याचे मोर्सच्या तारायंत्री लिपीत रूपांतर केले आणि त्या लिपीतील चार घटकांना डीएनएचे चार घटक नेमून दिले. आडव्या रेघेसाठी थायमिन, टिंबासाठी सायटोसिन, दोन शब्दांमधील मोकळ्या जागेसाठी अ‍ॅडेनिन आणि दोन अक्षरांमधील जागेसाठी ग्वानिन. या क्रमाने तयार झालेला डीएनए प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवून तो ई. कोलाय या जिवाणूत घालण्यात आला. हे जिवाणू अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. ज्यांत हे जनुक नाही असे दुसरे जिवाणू पिवळे चमकतात. दोन्ही एकाच बशीत वाढतात, त्यांच्यात जनुकीय देवघेव होऊ शकते आणि त्यातून तिसरी, हिरवी छटा उमटू शकते. बशीचे विस्तारित चित्र भिंतीवर दिसते. दालनातील प्रेक्षकाला किंवा जगात कोठेही संगणकापुढे बसलेल्या व्यक्तीला इंटरनेटवरून अतिनील दिवा लावता येतो. त्या किरणांनी जिवाणूंतील उत्परिवर्तनाचा वेग वाढतो. प्रदर्शन संपल्यावर जनुकाचा क्रम वाचून त्याचे पुन्हा मोर्समध्ये आणि मोर्समधून इंग्रजीत रूपांतर करण्यात आले. तेव्हा काही अक्षरे बदललेली आढळली. ‘मानव’ या अर्थाच्या शब्दातीलच एक अक्षर पालटून तो शब्द निरर्थक झाला होता.

ही घटना वरवर पाहता सूचक वाटते. सत्तेची ग्वाही देणारे वाक्य, त्या सत्तेखालील सर्वांत क्षुद्र जीव आणि त्या जीवाच्या देहात सत्ताधाऱ्याच्या नावाचाच झालेला भंग, अशी रूपकाची साखळी आपोआप जुळते. बहुतेक भाष्यकार येथेच थांबतात. परंतु ही साखळी कितपत टिकते, हे तपासण्यासाठी प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे.

पहिला दुवा मूळ संहितेचा. कात्सने स्वीकारलेले वाक्य १६११च्या किंग जेम्स आवृत्तीवर बेतलेले आहे. म्हणजे जिवाणूत गेलेला पाठ मूळचा नाही. तो हिब्रूचे इंग्रजी भाषांतर आहे. शिवाय तो त्या भाषांतराचाही यथातथ्य पाठ नाही. मूळ वचनाच्या पूर्वार्धात मानवाला फलद्रूप होण्याची, संख्येने वाढण्याची आणि पृथ्वी व्यापून टाकण्याची आज्ञा आहे. कात्सने तो पूर्वार्ध वगळला आहे आणि सत्तेच्या कल्पनेभोवती एक आटोपशीर वाक्य रचले आहे. जिवाणूने पहिले अक्षर बदलण्याआधीच कलावंताने पाठ बदलला होता. या वगळण्यात एक उपरोध दडलेला आहे. ‘वाढा आणि व्यापा’ ही आज्ञा बशीतील जिवाणू कोणी न सांगता अक्षरशः पाळत असतात. वगळलेला अर्ध जिवाणूंच्या वर्तनात हजर आहे आणि राखलेला अर्ध त्यांच्या देहात केवळ नोंद म्हणून पडून आहे. समग्र वचन घेतले असते, तर मानव आणि जिवाणू यांतील समानतेचा प्रश्न कलाकृतीत आला असता. कात्सच्या निवडीमुळे केवळ विरोधच उरला.

दुसरा दुवा मोर्सचा. १८४४ मध्ये वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला जो पहिला अधिकृत तारसंदेश गेला, तोही बायबलमधील वचनाचाच होता. दळणवळणाच्या नव्या तंत्राने आपला आरंभ धर्मग्रंथाच्या शब्दांनी करावा, या प्रथेशी कात्सची कलाकृती जाणतेपणी नाते जोडते. मात्र मोर्समध्ये वा डीएनएत वाक्य नेणे म्हणजे भाषांतर नव्हे. ते लिप्यंतर आहे. भाषांतरात अर्थाची निवड करावी लागते, दोन भाषांतील विसंगतीचा सामना करावा लागतो, काही गमवावे लागते. लिप्यंतरात कोष्टक पाळावे लागते, इतकेच. ‘जेनेसिस’मध्ये खरे भाषांतर हिब्रूतून इंग्रजीत येताना होऊन गेले होते. त्यानंतरचे सर्व टप्पे कोष्टकाचे आहेत.

३

येथे जीवशास्त्राच्या परिभाषेकडे वळणे उपयुक्त ठरेल, कारण ती परिभाषा साहित्यव्यवहारातूनच उचललेली आहे. पेशीत डीएनएवरून आरएनए तयार होतो, त्याला प्रतिलेखन म्हणतात. आरएनएवरून प्रथिन तयार होते, त्याला भाषांतर म्हणतात. तीन-तीन घटकांचा एक शब्द आणि त्या शब्दाला अनुरूप असे एक अमिनो आम्ल, हा जनुकीय संकेत १९६०च्या दशकात उलगडला. त्या कार्यासाठी मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत भारतात जन्मलेले हरगोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या संकेतात चौसष्ट शब्द असून अमिनो आम्ले मात्र वीस आहेत. एकाच आम्लासाठी अनेक शब्द असतात आणि त्यांना शास्त्रज्ञ ‘समानार्थी’ असेच म्हणतात. त्यामुळे प्रथिनावरून मूळ जनुक निश्चितपणे परत मिळवता येत नाही. जीवशास्त्रातले हे भाषांतर एकदिश असते. भाषांतरमीमांसेच्या अभ्यासकाला ही गोष्ट परिचित वाटावी.

कात्सच्या वाक्याला या भाषांतराशी काही कर्तव्य नाही. त्याच्या जनुकापासून प्रथिनाचा आकार कल्पिता येतो, आणि २००१ मध्ये कात्सने ‘ट्रान्स्क्रिप्शन ज्युवेल्स’ या कृतीत त्या आकाराचा सोन्याचा ठसाही घडवला. पण बायबलच्या वचनाशी त्या प्रथिनाचा अर्थाच्या पातळीवर कोणताही संबंध नाही. जिवाणूच्या दृष्टीने ते वाक्य वाहून नेण्याचे ओझे आहे. वाचण्याचा मजकूर नाही.

ब्योकचा प्रकल्प नेमका याच ठिकाणी वेगळा होतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनोइया’ या संग्रहाच्या मुख्य भागात त्याने प्रत्येक प्रकरण एकाच स्वरात लिहिण्याचे बंधन स्वीकारले होते. ‘झेनोटेक्स्ट’मध्ये त्याने त्याहून कठोर बंधन घातले. एका छोट्या कवितेतील प्रत्येक अक्षराला जनुकीय शब्द नेमून द्यायचा. ते जनुक जिवाणूत घालायचे. जिवाणूने आपल्या नेहमीच्या यंत्रणेने त्यापासून प्रथिन बनवायचे. आणि त्या प्रथिनातील अमिनो आम्लांना अक्षरे नेमून दिली असता दुसरी, तितकीच अर्थपूर्ण कविता वाचता यायची. त्यासाठी दोन्ही कवितांची अक्षरे परस्परांशी जोड्यांनी बांधलेली असावी लागतात. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांच्या अशा जोड्या लावण्याच्या शक्यता सुमारे ७.९ लाख कोटी आहेत. त्यांतून दोन्ही बाजूंनी काव्यार्थ देणारी एक शोधण्यात ब्योकने काही वर्षे घालवली. या दोन कवितांना त्याने ऑर्फियस आणि युरिडिसी अशी नावे दिली. ग्रीक पुराणकथेतील गायक मृत पत्नीला परत आणण्यासाठी पाताळात जातो आणि मागे वळून पाहताच तिला गमावतो. कवीने हाक द्यावी आणि जीवसृष्टीच्या अंधारातून उत्तर यावे, अशी ही योजना आहे. २०११ मध्ये ई. कोलायमध्ये हा प्रयोग साधल्याचे ब्योकने जाहीर केले. प्रखर किरणोत्सर्गातही तग धरणाऱ्या डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जिवाणूत तो साधणे हे त्याचे खरे उद्दिष्ट होते आणि ते दीर्घकाळ हाती लागले नाही. प्रकल्पाचा पहिला ग्रंथ २०१५ मध्ये आणि दुसरा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ब्योकच्या योजनेत जिवाणू खरोखर ‘वाचतो’, असे म्हणता येईल काय? तो रसायन वाचतो. त्या रसायनाला इंग्रजी अक्षरांशी जोडणारे कोष्टक कवीने बनवलेले आहे. या अर्थाने येथेही कवितापण जिवाणूबाहेरच आहे. तरी एक मूलभूत फरक उरतो. कात्सच्या योजनेत जिवाणूने काहीही केले तरी कलाकृती सिद्ध होते. पाठ टिकला तरी अर्थ लावता येतो आणि बदलला तरी लावता येतो. ब्योकच्या योजनेत प्रथिन टिकावे लागते. पेशीने ते कापून टाकले, तर कविता अपुरी राहते. येथे माध्यम कवीला नकार देऊ शकते.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये माध्यमाच्या स्वरूपाला जे महत्त्व दिले, ते या संदर्भात आठवते. त्यांच्या मते साहित्याचे माध्यम ध्वनी वा अक्षरे हे नसून भावनात्मक अर्थ हे आहे, आणि त्या अर्थांच्या लयबद्ध संघटनेत साहित्यकृतीचे सौंदर्य असते. या कसोटीवर ‘जेनेसिस’ अडखळते. बशीतील निळ्यापिवळ्या चमकेत वाक्याचा अर्थ नाही. तो भिंतीवरील मजकुरातून कळतो. इंद्रियगोचर रूप आणि वाचनीय अर्थ परस्परांना संघटित करीत नाहीत. ते शेजारी शेजारी उभे राहतात. मजकूर काढून घेतला, तर उरते ती प्रयोगशाळेतील एक रम्य बशी. ब्योकच्या जोडकवितेत मात्र प्रत्येक अक्षराची निवड पलीकडच्या अक्षरावर परिणाम करते. संघटनेचे तत्त्व तेथे कृतीच्या अंगात आहे. साहित्य म्हणून ‘झेनोटेक्स्ट’ अधिक सघन आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.

४

हा निष्कर्ष अपुरा आहे, हेही लगेच नमूद करावे लागते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले आणि कोणत्याही एका ध्रुवावर उभे राहून कलेचा समग्र अनुभव समजत नाही असे दाखवले. संघटनेची कसोटी ही अलौकिकतावादाकडे झुकलेली कसोटी आहे. ‘जेनेसिस’चे बळ दुसऱ्या ध्रुवाकडे आहे. ते जिवाणूत नाही आणि वाक्यातही नाही. ते दिव्याच्या कळीत आहे.

प्रेक्षकापुढची कोंडी अशी आहे. मानवाच्या सत्तेचे वाक्य त्याला मान्य नसेल, तर ते पुसट करण्यासाठी त्याने दिवा लावला पाहिजे. पण दिवा लावणे म्हणजे दुसऱ्या सजीवाच्या देहात आपल्या इच्छेने बदल घडवणे, म्हणजे तीच सत्ता गाजवणे होय. दिवा न लावावा, तर वाक्य जसेच्या तसे राहते. निषेध आणि अनुसरण यांचे साधन एकच आहे. कात्सनेही या कोंडीकडे लक्ष वेधले आहे. पण तिचे महत्त्व त्याच्या स्पष्टीकरणावर अवलंबून नाही. भिंतीवरच्या मजकुरातून कळणाऱ्या अर्थापेक्षा हा अर्थ वेगळा आहे, कारण तो बोट कळीवर ठेवल्यावाचून पुरता कळत नाही. इंटरनेटमुळे तिला आणखी एक परिमाण मिळते. दूर देशी बसलेल्या माणसाला बशी दिसते, पण कृतीची किंमत दिसत नाही. डिजिटल संस्कृतीतील कृती आणि तिचे परिणाम यांच्यातील हे अंतर १९९९ मध्येच येथे नेमके पकडले गेले होते.

भारतीय वाचकाला या कोंडीची ओळख कलादालनापेक्षा शेतातून अधिक आहे. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि विदर्भासह महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यात त्याचा वेगाने प्रसार झाला. त्या वाणात एका जिवाणूचे जनुक आहे आणि त्यापासून तयार होणारे प्रथिन बोंडअळीला मारक ठरते. बीटी वांग्याच्या लागवडीला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. कापसातील जनुक अळीपुरते अर्थपूर्ण आहे. अळी त्याला देहाने उत्तर देते. पुढे गुलाबी बोंडअळीने त्याविरुद्ध प्रतिकारक्षमता मिळवली आणि शेतकऱ्याच्या हाती असलेला पाठ निष्प्रभ झाला. कात्सच्या बशीतील बदल यदृच्छेने होतो आणि कोणाच्याही जगण्यावर त्याचा परिणाम होत नाही. शेतातील बदल निवडीच्या दाबाने घडतो आणि त्याची किंमत पिकात मोजावी लागते. या तुलनेतून ‘जेनेसिस’ची मर्यादा स्पष्ट होते. सत्तेचा प्रश्न ती ‘मानव’ या एकवचनात मांडते. बियाणे बनवणारा, ते विकत घेणारा आणि नुकसान सोसणारा हे सगळे मानवच असले तरी सत्तेत समान भागीदार नसतात. वाक्यातील ‘मानव’ हा शब्द उत्परिवर्तनाने मोडला, पण त्या शब्दातील हे एकजिनसीपण कलाकृतीने कधी मोडले नाही.

५

जिवाणूतील बदललेल्या अक्षरांना भाष्यकार सहजच नवा ‘पाठ’ म्हणतात. पाठ आणि पाठभेद या संकल्पना मराठी परंपरेत इतक्या जिवंत आहेत, की या वापराची चिकित्सा त्यांच्या आधारे करता येते. म्हाइंभटाने सिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहिली गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून वेगवेगळे पाठ निर्माण झाले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली, ती अनेक प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून. या सर्व भेदांमागे वाचन आहे. लेखनिकाला शब्द अपरिचित वाटतो म्हणून तो परिचित शब्द लिहितो. स्मरण करणारा आपल्या समजुतीनुसार वाक्य पुरे करतो. भक्त आपली ओवी मध्ये घालतो. चुकीचा पाठदेखील कोणीतरी काय समजले याची खूण असतो. म्हणूनच पाठचिकित्सक अपपाठावरून लेखनिकाची भाषा, काळ आणि प्रदेश ओळखू शकतो.

उत्परिवर्तनात अशी खूण नसते. तेथे अक्षर बदलते ते न वाचल्यामुळे. ‘मानव’ हा शब्द मोडला याला कोणाचीही असहमती कारणीभूत नव्हती. ‘मासे’ हा शब्द मोडला असता तरी जिवाणूला फरक पडला नसता. त्या बदलाला प्रतिकाराचा अर्थ देणारा वाचक माणूसच आहे. जिवाणूच्या मुखी निषेध घालणे हीदेखील त्याच्यावर गाजवलेली सत्ताच ठरते. जैवकलेच्या समीक्षेने हा मोह ओळखणे अगत्याचे आहे.

ब्योकच्या महत्त्वाकांक्षेचीही परीक्षा याच परंपरेच्या आधारे होते. जिवाणूत घातलेली कविता मानवजातीनंतरही टिकावी, ही त्याची आकांक्षा आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. ते ग्रंथ महाराष्ट्रातील मठांत आणि थेट पंजाबपर्यंतच्या अनुयायांत शतकानुशतके टिकले. पंथाबाहेरच्या अभ्यासकांसाठी मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपी उलगडेपर्यंत त्या पोथ्या अक्षरांची नक्षी होत्या. पंथातील वाचकांसाठी त्या तेव्हाही ग्रंथच होत्या, कारण त्यांच्यापाशी किल्ली होती आणि ती हाती देणारी गुरुपरंपरा होती. संहितेचे आयुष्य कागदाच्या वा पेशीच्या टिकाऊपणावर ठरत नाही. ते किल्ली पुढे देणाऱ्या समाजावर ठरते. मानव नसलेल्या जगात ब्योकची कविता जिवाणूबरोबर वाढत राहील, पण तेव्हा ती कविता असणार नाही. तिचे खरे आश्रयस्थान त्याने लिहिलेले दोन ग्रंथ आणि ते वाचणारे लोक हेच आहे.

याचा अर्थ या कलाकृती फसव्या आहेत असा नाही. त्यांच्याविषयी केले जाणारे दावे आणि त्या प्रत्यक्षात साधतात ते, यांत अंतर आहे. ‘जेनेसिस’ जिवाणूला बोलते करीत नाही. ती कळ दाबणाऱ्या माणसाला त्याच्या कृतीसमोर उभे करते. ‘झेनोटेक्स्ट’ कवितेला अमरत्व देत नाही; परक्या नियमांपुढे भाषेने किती दूरवर झुकावे आणि तरीही भाषा राहावे, याची ती परीक्षा घेते. प्रयोगशाळा, प्रदर्शने आणि माध्यमे ‘लिपी’, ‘भाषांतर’, ‘वाचन’, ‘संपादन’ हे शब्द आज मुक्तपणे वापरतात. जनुकांच्या फेरबदलालाही ‘संपादन’ असेच म्हटले जाते. संपादन म्हटले की संपादक आला आणि त्याच्यावर पाठाची जबाबदारी आली. एकनाथांनी शुद्ध प्रतीच्या अखेरीस तीत भर घालणाऱ्यांना इशारा दिला, तो या जबाबदारीच्या जाणिवेतून. साहित्याचे शब्द जीवसृष्टीसाठी उसने घेतले जात असताना त्यांसोबतची ही जबाबदारीही उचलली जाते की नाही, हे पाहण्याचे काम तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने करावयाचे आहे.